बोटावरचा आकडा आणि मेंदूतील प्राणवायू

सन २०२० मध्ये कोविडच्या साथीत राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविण्यात आली. स्वयंसेवक घरोघरी आले, कपाळासमोर तापमापक धरला गेला आणि बोटाला लहानसा चिमटा लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले गेले. तेव्हापासून ऑक्सिमीटर हे यंत्र आपल्या तालुक्यातील वाडीवस्तीवरही परिचयाचे झाले आहे. ‘पंच्याण्णवच्या वर आहे ना, मग काळजी नाही,’ असे आता घरातील आजीसुद्धा म्हणते.

या परिचयामुळेच एक प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला किंवा पुण्याला जाण्याचे ठरलेल्या रुग्णांचे नातेवाईक प्राथमिक तपासण्यांसाठी अथवा केवळ सल्ल्यासाठी आपल्या रुग्णालयात येतात. कागदपत्रे दाखवून झाली की ते हळूच विचारतात, ‘डॉक्टर, पाच-सहा तास भूल देणार म्हणतात. तेवढ्या वेळात मेंदूला प्राणवायू मिळतो आहे की नाही, हे कळणार कसे? त्या बोटावरच्या यंत्रावर का?’

प्रश्न साधा वाटला तरी मर्मावर बोट ठेवणारा आहे. बोटावरचा आकडा अत्यावश्यक आहे. पण तो बोटाचा आकडा आहे. तो अठ्ठ्याण्णव असतानाही मेंदूचा एखादा भाग प्राणवायूसाठी तळमळत असू शकतो. असे का होते, ते ओळखण्याचे मार्ग कोणते आणि त्या मार्गांवर किती विसंबावे, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

मेंदूतील गाठींची शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयात होत नाही. तरीही हा विषय वार्षिक अहवालात घेण्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे, या रुग्णांच्या मेंदूचे रक्षण मुंबईच्या शस्त्रक्रियागृहात सुरू होत नाही; ते खेडमध्येच सुरू व्हावे लागते. दुसरे म्हणजे, भूलविभागासाठी देणगी देऊ इच्छिणारे हितचिंतक ‘कोणते यंत्र घ्यावे?’ असे विचारतात. त्यांना प्रामाणिक उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे.

मेंदूची भूक

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे चौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी साधारण १५ टक्के रक्त मेंदूकडे जाते. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सरासरी ५० मिलिलिटर रक्त मिळत असते. हा पुरवठा २० मिलिलिटरच्या आसपास उतरला की चेतापेशींचे काम मंदावू लागते आणि १० मिलिलिटरच्याही खाली गेला की पेशी मरू लागतात.

स्नायूंप्रमाणे मेंदूजवळ प्राणवायूची शिल्लक नसते. रक्तप्रवाह पूर्ण थांबला तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी होऊ लागते. रोजच्या मिळकतीवर ज्याची रोजची चूल पेटते अशा कुटुंबाची उपमा येथे शोभेल. एका दिवसाचा खाडासुद्धा त्याला परवडत नाही.

जागेपणी पुरवठ्यात उणीव आली तर शरीर ते बोलून दाखवते. चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे अडखळते, हातातील वस्तू गळून पडते. भुलीखाली असलेल्या रुग्णाला यातले काहीच सांगता येत नाही. त्याच्या वतीने ही जाणीव ठेवण्याचे काम भूलतज्ज्ञाकडे येते.

बंद कवटीतील गाठ

मेंदू कवटीच्या हाडी पेटीत बंद असतो. या पेटीत तीन गोष्टी असतात : मेंदूचा गर, रक्तवाहिन्यांतील रक्त आणि मेंदूभोवतीचे पाण्यासारखे द्रव. पेटी ताणत नाही. त्यामुळे आत गाठ वाढू लागली की आरंभी द्रव आणि रक्त थोडे बाजूला सरून तिला जागा करून देतात. ही सवड संपली की कवटीतील दाब झपाट्याने वाढतो. गाठीभोवती मेंदूला आलेली सूज त्यात भर घालते. पहाटे वाढणारी डोकेदुखी, मळमळीवाचून होणारी उलटी, नजर अंधुक होणे ही या दाबाची लक्षणे होत.

या दाबाचा आणि प्राणवायूचा संबंध एका साध्या वजाबाकीने समजतो. मेंदूत रक्त ढकलणारा जोर म्हणजे रक्तदाबाची सरासरी, वजा कवटीतील दाब. निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८० असेल तर त्याची सरासरी ९३ मिलिमीटर पारा येते. कवटीतील दाब १० धरला तर ८३ उरतात आणि ते पुष्कळ झाले. आता गाठ असलेल्या रुग्णाचा विचार करू. भुलीच्या औषधांनी रक्तदाबाची सरासरी ६५ वर आली आणि कवटीतील दाब २५ असला तर उरतात फक्त ४०. सामान्यतः हा जोर ६० च्या खाली जाऊ नये असा प्रयत्न असतो. या क्षणी फुप्फुसे उत्तम काम करीत असतील, रक्त प्राणवायूने भरलेले असेल आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९९ दाखवीत असेल. धान्याने भरलेली गाडी वेशीपर्यंत आली, पण वेस अरुंद असल्याने गावात शिरली नाही, तशी ही अवस्था आहे.

म्हणूनच भूल दिल्यापासून कवटी उघडून मेंदूवरील आवरणाचा ताण मोकळा होईपर्यंतचा काळ फार जपण्याचा असतो. श्वासनलिकेत नळी घालताना रुग्णाला ठसका लागला तर कवटीतील दाब एकदम चढतो. औषध जास्त झाले तर रक्तदाब एकदम उतरतो. या दोन्हींच्या मधून वाट काढावी लागते.

भुलीचे दोन हात

भूल मेंदूची केवळ शत्रू नाही. प्रोपोफॉलसारखी औषधे मेंदूचे काम मंद करतात आणि काम मंदावले की प्राणवायूची गरजही घटते. पण हीच औषधे रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब खाली आणतात. एका हाताने गरज कमी करायची आणि दुसऱ्या हाताने पुरवठा आखडायचा, असे हे दुहेरी काम आहे.

कार्बन डायऑक्साइडचेही असेच आहे. रक्तातील या वायूचा दाब सामान्यतः ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. तो एका मिलिमीटरने बदलला की मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी बदलतो. कृत्रिम श्वसनयंत्राचा वेग वाढवून हा वायू जास्त बाहेर टाकला तर मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात, मेंदू थोडा बसतो आणि शल्यविशारदांना गाठीपर्यंत पोहोचण्यास जागा मिळते. पण दाब ४० वरून ३० वर आणला तर रक्तप्रवाह जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. शल्यविशारदांना मिळालेली जागा मेंदूच्या घासातून काढलेली असते, हे विसरून चालत नाही. त्यामुळे हा उपाय बेताने आणि गरजेपुरताच वापरतात.

निरोगी मेंदू रक्तदाब थोडाफार खालीवर झाला तरी आपला रक्तप्रवाह स्थिर राखतो. गाठीलगतच्या भागात ही शक्ती क्षीण झालेली असते. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांचा मेंदू तर वरच्या दाबाला सरावलेला असतो. एकाला पुरणारा रक्तदाब दुसऱ्याला अपुरा पडतो तो यामुळेच. ‘बीपीची गोळी चालू आहे का आणि नियमित घेता का?’ हा भूलतज्ज्ञाचा प्रश्न उपचार म्हणून विचारलेला नसतो. त्याच्या उत्तरावर शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब कुठे राखायचा, हे ठरते.

नाडीवरील बोटापासून संवेदकापर्यंत

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये उभारला. त्यानंतर लवकरच, १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी या शाखेची पायाभरणी केली. त्या काळी भूल देणाऱ्या डॉक्टरांचे मुख्य साधन म्हणजे नाडीवर ठेवलेले बोट, रक्तदाब मोजण्याचे पट्टे, नखांचा व ओठांचा रंग आणि शल्यविशारदांनी ‘रक्त काळसर दिसते आहे’ म्हणून दिलेला इशारा. रक्त डोळ्यांना काळसर दिसेपर्यंत प्राणवायू बराच उतरलेला असे.

जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये नाडीबरोबर धडधडणाऱ्या रक्तातील प्राणवायू प्रकाशाने मोजण्याची युक्ती मांडली. बोटावरचा आजचा ऑक्सिमीटर त्यातूनच घडला. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारा कॅपनोग्राफ त्याच्या जोडीला आला. मनगटाच्या धमनीत बारीक नळी ठेवून प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पाहणे हीही मेंदूच्या शस्त्रक्रियेत रूढ पद्धत झाली. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेत डोके हृदयापेक्षा उंच ठेवलेले असते. दर १३-१४ सेंटिमीटर उंचीमागे रक्तदाब सुमारे १० मिलिमीटरने कमी भरतो. म्हणून दाब मोजणारा संवेदक हृदयाच्या पातळीवर न ठेवता कानाच्या पातळीवर ठेवतात. अशा वेळी मनगटातील नळी मेंदूच्या वेशीवरचा दाब सांगू लागते. यासाठी वेगळा खर्च येत नाही. लक्ष मात्र ठेवावे लागते.

या शाखेचे महत्त्व वाढत गेले तशी मेंदूच्या भुलीला वाहिलेल्या तज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना १९९९ मध्ये आपल्या देशात स्थापन झाली.

खुद्द मेंदूतला प्राणवायू पाहण्याचे मार्ग

वरील सर्व साधने मेंदूच्या दारापर्यंत नेतात. दाराच्या आत डोकावण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग मानेतील मोठ्या शिरेचा. मेंदूतून परतणारे रक्त या शिरेतून खाली येते. तिच्यात उलट दिशेने, कवटीच्या तळापर्यंत, बारीक नळी सरकवून त्या रक्तात किती प्राणवायू उरला आहे ते पाहतात. सामान्यतः ५५ ते ७५ टक्के उरलेला असतो. तो ५० च्या खाली गेला तर पुरवठा अपुरा पडतो आहे आणि मेंदू मिळेल तेवढे ओरबाडून घेतो आहे, असा अर्थ होतो. पण ही सबंध मेंदूची सरासरी असते. एखाद्या कोपऱ्यातील उपासमार तिच्यात झाकून जाऊ शकते.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. रात्री वीज गेल्यावर मुलांनी विजेरी तळहाताखाली धरली की बोटे आतून लाल दिसतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश याहूनही खोल जातो. त्वचा आणि कवटीचे हाडसुद्धा तो पार करतो. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी या तत्त्वावर मेंदूतील प्राणवायू बाहेरूनच पाहता येतो, हे १९७७ मध्ये दाखवून दिले. आज कपाळाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीसारखे दोन संवेदक लावले की पडद्यावर दोन आकडे दिसत राहतात. सुई टोचावी लागत नाही.

हे आकडे पाहून नातेवाईक अनेकदा घाबरतात. ‘बोटावर नव्व्याण्णव आणि कपाळावर पासष्ट? मग मेंदूला पस्तीस टक्के कमी पडतोय का?’ तसे नाही. बोटावरचे यंत्र फक्त धमनीतील ताजे रक्त मोजते. कपाळावरचे यंत्र त्या ठिकाणचे सगळे रक्त एकत्र मोजते आणि त्यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा प्राणवायू देऊन परतणाऱ्या रक्ताचा असतो. म्हणून साधारण ६० ते ७५ हा आकडा समाधानकारक असतो. खरे महत्त्व त्या रुग्णाच्या स्वतःच्या आरंभीच्या आकड्याला आहे. भूल देण्यापूर्वी जो आकडा होता त्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने घट झाली, उदाहरणार्थ ७० वरून ५६ वर आला, की कारण शोधावे लागते.

तिसरा मार्ग थेट मेंदूच्या गरात सुईसारखा बारीक संवेदक ठेवण्याचा. अमेरिकी शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात बनविलेल्या प्राणवायू मोजणाऱ्या विद्युत्‌अग्राचे तत्त्व अशा संवेदकांच्या मुळाशी आहे. येथे प्राणवायूचा दाब मोजला जातो आणि तो २० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली उतरला तर धोक्याची सूचना समजतात. हा मार्ग मुख्यतः डोक्याला गंभीर इजा झालेल्यांच्या अतिदक्षता विभागात वापरला जातो. गाठीच्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग निवडक रुग्णांपुरता मर्यादित आहे.

याखेरीज आणखी एक मार्ग आहे आणि तो यंत्राचा नाही. बोलण्याच्या किंवा हातपाय हलविण्याच्या केंद्राजवळ गाठ असेल तर काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या मुख्य भागात जागे ठेवतात. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत अशा शस्त्रक्रिया होतात. डोक्याची त्वचा बधिर केलेली असते आणि मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. रुग्ण अंक मोजतो, चित्रे पाहून नावे सांगतो. अशा वेळी रुग्णाशी त्याच्या मातृभाषेत बोलणे महत्त्वाचे ठरते. अडखळलेला एक शब्दसुद्धा त्या भागाला काहीतरी कमी पडत असल्याची खूण असू शकतो.

आकडा उतरला तर

समजा, शस्त्रक्रिया सुरू होऊन दोन तास झाले आहेत आणि एका बाजूचा आकडा ६८ वरून ५२ वर आला. अशा वेळी काय केले जाते?

भूलतज्ज्ञ प्रथम पाहतो की संवेदक निसटला आहे का, कपाळाखाली रक्त साकळले आहे का, शस्त्रक्रियेच्या दिव्याचा प्रकाश त्यावर पडतो आहे का. नंतर मान पाहतो. डोके एका बाजूला फार वळले असेल तर मानेतील शीर दबते आणि मेंदूतील रक्ताचा निचरा अडतो. मान एक-दोन बोटे सरळ केल्यानेच आकडा सावरण्याची शक्यता असते. मग रक्तदाब : तो उतरला असेल तर औषधाने वा द्रवाने वर आणतात. मग कार्बन डायऑक्साइड : श्वसनयंत्र जास्त वेगाने चालत असेल तर वेग कमी करतात आणि धमनीतील रक्ताचा नमुना तपासून खात्री करतात. मग प्राणवायूचे प्रमाण, हिमोग्लोबिन आणि झालेला रक्तस्राव. गरज पडल्यास रक्त देतात. भुलीची खोली पुरेशी आहे ना, झटका तर सुरू नाही ना, ताप चढला आहे का, हेही पाहतात. कारण यांमुळे मेंदूची मागणी वाढते. आणि याच वेळी शल्यविशारदांना सांगतात, ‘थोडे थांबा.’ मेंदू बाजूला धरून ठेवणारी पट्टी सैल केली तर तिच्याखाली दबलेल्या भागात रक्त पुन्हा वाहू लागते.

या सर्व गोष्टी दोन-तीन मिनिटांत व्हाव्या लागतात. यंत्र फक्त घंटा वाजवते. घंटेचा अर्थ लावणारा माणूस रुग्णाच्या उशाशी उभा असला तरच तिचा उपयोग.

यंत्रावर किती विसंबावे

हितचिंतकांसमोर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कपाळावरचे संवेदक मेंदूच्या पुढच्या भागाचाच अंदाज देतात. गाठ मागे असेल तर तेथील अडचण त्यांना दिसत नाही. गाठ पुढे असेल तर शस्त्रक्रिया तेथेच करायची असल्याने संवेदक लावायला जागा उरत नाही. त्वचेतील रक्त त्या आकड्यात थोडे मिसळतेच. कावीळ असली तरी आकडा फसवू शकतो. हृदयाच्या आणि मानेतील धमनीच्या शस्त्रक्रियांत या पद्धतीचा वापर जास्त रुळला आहे. मेंदूतील गाठीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत ती हवीच, असा दंडक नाही.

मेंदूच्या गरातील संवेदकाविषयीही वैद्यकशास्त्र सावध आहे. डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असा संवेदक वापरल्याने सहा महिन्यांनंतरची प्रकृती अधिक चांगली असल्याचे दिसून आले नाही. यावरून ते तंत्र निरुपयोगी ठरत नाही. पण महाग यंत्र आणले म्हणजे रुग्ण बरे होतील, असा हिशेब मांडता येत नाही, एवढे निश्चित.

मेंदूच्या प्राणवायूचे रक्षण मुख्यतः पाच साध्या गोष्टींवर अवलंबून असते : मोकळी श्वासनलिका, पुरेसा रक्तदाब, मापात ठेवलेला कार्बन डायऑक्साइड, पुरेसे हिमोग्लोबिन आणि सरळ, किंचित उंच ठेवलेली मान. खास यंत्रे यांच्या जोडीला येतात; यांची जागा घेऊ शकत नाहीत.

रक्षण खेडपासून सुरू होते

खेडहून मुंबई सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटातील वळणे टळली, तरी कवटीतील दाब वाढलेल्या रुग्णासाठी हा प्रवास लांबच आहे. त्या प्रवासापूर्वी आणि प्रवासात केलेल्या गोष्टींचा परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतो. म्हणून नातेवाइकांना काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात.

१. सकाळची डोकेदुखी व उलट्या, प्रथमच आलेला झटका, एका हाताचा अशक्तपणा, बोलण्यात वा स्वभावात झालेला बदल अंगावर काढू नये. पित्त आहे असे समजून आठवडे घालवू नयेत. वेळीच सिटी स्कॅन किंवा एमआरआय झाला तर मेंदूची सवड संपण्यापूर्वी उपचार सुरू होतात.

२. ‘अशक्तपणा आला आहे, एक सलाईन लावा’ असा आग्रह आपल्याकडे नेहमी होतो. मेंदूला सूज असलेल्या रुग्णास नुसते ग्लुकोजचे पाणी शिरेतून दिल्यास सूज वाढू शकते. कोणते सलाईन द्यावे, द्यावे की नाही, हे डॉक्टरांवर सोपवावे.

३. सूज कमी करण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि झटक्यांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेरॉइडचा गुण येण्यास एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात धीर सोडू नये.

४. प्रवासात रुग्णाचे डोके व धड सुमारे ३० अंश उंच आणि मान सरळ असावी. शुद्ध कमी असलेल्या रुग्णाला खाजगी जीपमध्ये मांडीवर डोके ठेवून नेऊ नये. प्राणवायूची सोय असलेली रुग्णवाहिका घ्यावी. शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून राज्यात उपलब्ध आहे. झोपेची गोळी देऊन रुग्णाला ‘शांत’ करून नेणे धोक्याचे आहे. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कवटीतील दाब चढतो.

५. आपल्या भागातील स्त्रियांमध्ये रक्तक्षय दुर्मीळ नाही. रक्तात हिमोग्लोबिनच कमी असेल तर बोटावरचा आकडा ९९ असूनही मेंदूकडे जाणारा एकूण प्राणवायू कमीच असतो. शस्त्रक्रियेला अवधी असेल तर रक्तक्षयावर उपचार येथेच सुरू करावेत. विडी-सिगारेट तत्काळ सोडावी.

६. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, जुने स्कॅन आणि रक्तदाबाच्या नोंदी सोबत न्याव्यात. भूलतज्ज्ञांना भेटल्यावर संकोच न करता विचारावे : रक्तदाब किती राखणार? शस्त्रक्रियेनंतर रुग्ण केव्हा जागा होईल? त्याचा मेंदू नीट आहे, हे प्रथम कशावरून कळेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे मिळेल, की त्याला नावाने हाक मारू आणि तो डोळे उघडून हात दाबील. सर्व यंत्रांनंतरची खरी परीक्षा हीच असते.

खर्चाची चिंता असणाऱ्या कुटुंबांनी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी. तसेच धर्मादाय रुग्णालयांत विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन तेथील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. कागदपत्रे येथूनच पूर्ण करून नेली तर परगावी होणारी धावपळ वाचते.

देणगीदारांस निवेदन

कोणते यंत्र द्यावे, या प्रश्नाकडे आता वळू. आपल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाने मेंदूतील प्राणवायू मोजणारी महागडी यंत्रे आज घ्यावीत, असे आम्ही सुचविणार नाही. प्रत्येक भुलीच्या टेबलाशी चालू स्थितीतील कॅपनोग्राफ असावा, मॉनिटरची बॅटरी वीज गेल्यावरही टिकावी, रुग्णवाहिकेत प्राणवायूचे भरलेले सिलिंडर आणि श्वासनलिका मोकळी ठेवण्याची साधने असावीत, रक्ताची व्यवस्था रात्रीही व्हावी आणि आपल्या परिचारिका व तंत्रज्ञांना आकड्यांचा अर्थ लावण्याचे प्रशिक्षण वेळोवेळी मिळावे, ही आमची मागणी आहे. या गोष्टींवर देणगीदाराच्या नावाची पाटी शोभून दिसत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पण मेंदूतील गाठीच्या रुग्णाइतकाच त्यांचा लाभ येथे सिझेरियनसाठी येणाऱ्या मातेला, अपघातात डोक्याला मार लागलेल्या तरुणाला आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या आजोबांनाही होतो.

भुलीखालील रुग्ण आपला प्राण काही तासांपुरता दुसऱ्याच्या हाती सोपवितो. त्या काळात त्याला काही कमी पडले तर तो हाक मारू शकत नाही. ती न मारलेली हाक ऐकण्यासाठी साधने हवीत आणि जागी माणसेही हवीत.